बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी

बुधवारची प्रार्थना माझ्या घरातून उठली आणि समोरच्या बिल्डिंगीत गेली. ती मला परत पाहिजे होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी सांगितलं की घर ओकंबोकं वाटतं म्हणून पाहिजे. तेही खोटं नव्हतं. पण त्याहून खरं हे, की समोरच्याकडं ती होती आणि माझ्याकडं नव्हती, हे मला बघवत नव्हतं.

आम्ही मूळचे नगरकडचे. आजाच्या वेळेपासून ख्रिस्ती. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरच्या मेहेरबानीनं. तळोज्यात एका कंपनीत बॉयलरवर जन्म गेला आणि नावड्याच्या कॉलनीत दोन खोल्या झाल्या. कंपनीला बुधवारी सुट्टी असायची, म्हणून बायकोनं घरगुती प्रार्थना बुधवारी ठेवली. मी रिटायर झालो तरी वार तोच राहिला. संध्याकाळी पलंग उभा करून भिंतीला लावायचा, दोन सतरंज्या टाकायच्या, पेटी मधोमध ठेवायची. कॉलनीतली आपली माणसं यायची, एखाद-दुसरं घर कळंबोलीहून यायचं. दोन गीतं, मग शास्त्राचा एक अध्याय, मग पाळकसाहेबांचे चार शब्द, प्रार्थना आणि चहा.

अध्याय वाचायची आमच्यात एक पद्धत आहे. एकानं सगळा वाचायचा नाही. गोल बसायचं आणि पाळीपाळीनं एकेकानं एकेक वचन वाचायचं. ज्याला भरभर वाचता येतं त्याला ह्यात काही नाही. मला घाम फुटायचा. जोडाक्षर आलं की माझी जीभ अडकते. म्हणून बायकोनं युक्ती काढली होती. पहिलं गीत चालू असतानाच ती माणसं मोजायची, माझ्या पाळीला कुठलं वचन येणार ते काढायची, माझ्या पुस्तकात त्याच्याखाली नखानं रेघ ओढायची आणि कानाशी तोंड आणून दोनदा वाचून दाखवायची. "अहो, हे तुमचं. सामर्थ्य म्हणा, सामर्त नको." मग माझी पाळी आली की मी घडाघडा वाचायचो. सगळ्यांना माहीत होतं. कोणी कधी बोललं नाही.

गेल्या ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत ती गेली. किडन्या गेल्या होत्या. वर्षभर तिला नावड्याहून वाशीला डायलिसिसला नेत होतो, आधी बसनं, नंतर नंतर रिक्षानं. तिथंही माझं लक्ष धड नसायचं. शेजारच्या खाटेवर एक बाई असायची. आमच्या हिच्यापेक्षा वयानं मोठी, तरी तोंडावर तुकतुकी. तिचा नवरा बाहेर वडापाव खात मजेत फिरायचा. मी त्या दोघांकडं बघत बसायचो. हिच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, "तिच्याकडं काय बघताय? तिची किडनी काढून मला लावणारेत का? इकडं बघा. पाय दाबा जरा."

माती झाल्यावर महिनाभर बुधवार बंद होता. मग पाळकसाहेब आले. तरुण माणूस आहे, बोलायला मऊ. म्हणाले, "काका, तुम्ही सावरेपर्यंत प्रार्थना समोर घेऊ या." मी मान हलवली. तेव्हा कोणी विचारलं असतं की काका, तुमचं मुंडकं घेऊन जाऊ का, तरी मी मान हलवली असती. सतरंज्या गेल्या, पेटी गेली. काका, सावरलात का, म्हणून परत कोणी विचारायला आलं नाही.

समोरचा म्हणजे समोरच्या बिल्डिंगीतला, आमच्याच मंडळीतला माणूस. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर. गुडघे चांगले, दात स्वतःचे, आवाज खणखणीत आणि बायको जिवंत. आमच्या गॅलऱ्या समोरासमोर आहेत. मधे पाण्याची टाकी आणि पोरांच्या मोटरसायकली, बस. सकाळी मी चहाचा कप घेऊन उभा राहिलो की त्यांचं सगळं ऐकू येतं.

एक दिवस वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणत होत्या, "परत ओला टॉवेल पलंगावर टाकलात ना? माणूस आहात का म्हैस?"

तो आतून म्हणाला, "म्हैस दूध तरी देते."

"तेच म्हणतेय मी."

आणि दोघं हसले. मी आत आलो आणि माझा ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. दिवसभर तिथंच पडला होता. गादीला वास लागला. कोणी काही बोललं नाही.

आमच्या सतरंज्या त्यांच्या कठड्यावर वाळत असायच्या. वहिनी त्या उन्हात सुलट टाकायच्या. आमची ही उलट्या टाकायची, रंग उडू नये म्हणून. लाल पट्टा गुलाबी होत चालला होता आणि मी इथं उभा राहून तो बघत होतो. हाक मारून सांगितलं असतं तर वहिनींनी लगेच उलटल्या असत्या. मी नाही सांगितलं. त्यांची एक तरी चूक माझ्याजवळ असावी असं वाटायचं.

मी त्यांच्या घरात दुःख शोधलं. अगदी बसून शोधलं. मुलगा पीत असेल, सून भांडत असेल, ह्याला शुगर असेल, रात्री झोप लागत नसेल. काही नाही. मुलगा ऐरोलीला चांगल्या नोकरीत, सून दर रविवारी उपासनेनंतर मटणाचा डबा घेऊन येते. शुगर नाही. झोपतो तर घोरण्याचा आवाज माझ्या गॅलरीपर्यंत येतो. हे सगळं कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

बॉयलरवर एक काच असते. उभी नळी, आतलं पाणी दिसतं. पाणी खुणेच्या खाली गेलं की जिवाशी गाठ. कामावर नवीन माणूस आला की आगीकडं बघत बसतो, कारण आग बघायला बरी वाटते, डोळा तिच्यावर खिळतो. आमचा जुना फोरमन पाठीत गुद्दा घालायचा. "काच बघ, काच. आग काय बघतोस, लग्न लावायचंय का तिच्याशी?" मी पुढं कितीतरी नव्या पोरांना हेच शिकवलं. नोकरीभर माझी नजर काचेवरून हलली नाही. आणि आता म्हातारपणी, देवाचं नाव घ्यायच्या वेळी, माझी नजर समोरच्याच्या गॅलरीत.

मी दर बुधवारी जात मात्र होतो. न गेलो तर म्हणाले असते, म्हातारा खचला. तिथं जाऊन मी काय करायचो ते सांगतो. डोळे मिटून प्रार्थना चालू झाली की मी एक डोळा बारीक उघडायचो. समोरच्याची कॉलर वाकडी झालेली असायची आणि वहिनी डोळे मिटलेल्या असतानाच हात लांब करून ती सरळ करायच्या. बघावं लागायचं नाही त्यांना. हाताला माहीत. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, अनाथांसाठी प्रार्थना करत असायचे. विधुर म्हणून कोणी कधी नाव घेतलं नाही. मी त्याचाही राग धरला होता.

चहाचं तर विचारूच नका. त्यांचा चहा आमच्या हिच्यापेक्षा चांगला असायचा. आलं बरोबर पडायचं. लोक दुसऱ्यांदा मागायचे.

शेवटी एका रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं.

म्हटलं, "साहेब, बुधवारची प्रार्थना माझ्या घरी परत पाहिजे."

"काका, हरकत काहीच नाही. पण चहापाणी, झाडलोट, कोण बघणार?"

"मी आहे की."

"तुम्हाला त्रास होईल."

"बॉयलर चालवलाय मी. पातेलंभर चहानं काय त्रास होतोय?"

ते हसले. म्हणाले, "बरं, बुधवारी सगळ्यांसमोर विचारू. वहिनींना वाईट वाटायला नको."

मला मनात वाटलं, वाटू दे की थोडं.

आता बुधवारपर्यंत मला एकच काळजी. त्या दिवशी माझं वाचन चांगलं व्हायला पाहिजे. अडखळलो तर कोणीतरी म्हणणार, ह्यांना स्वतःचं पुस्तक सांभाळता येत नाही, हे प्रार्थना काय सांभाळणार. आमचा शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आला होता, पुनरुत्थानानंतरचा. शिष्य तळ्यावर मासे धरायला जातात, रात्रभर काही लागत नाही, आणि सकाळी प्रभू काठावर कोळशावर मासे भाजून त्यांना न्याहारीला बोलावतो, तो. मला तो भाग फार आवडतो. पण त्या बुधवारी मी मनानं त्या न्याहारीला नव्हतोच. मी लवकर जाऊन बसलो, आणि बायको करायची तशी माणसं मोजायला लागलो. पाळकसाहेबांच्या उजव्या हातापासून सुरुवात, मग तळमजल्यावरची बाई, मग तिची सासू, असं करत माझ्यापर्यंत. माझ्यानंतर समोरचा बसला होता. मोजून माझं वचन काढलं. त्यात एक कोळी शिष्य मागं वळतो आणि दुसरा एक शिष्य पाठीमागून येताना त्याला दिसतो, एवढंच होतं. लांबलचक, पण जोडाक्षरं बेतानं. मी नखानं रेघ ओढली आणि घोकायला लागलो. लोक गीत गात होते, मी घोकत होतो. वाचन सुरू झालं, मासे सापडले, न्याहारी झाली, प्रभूनं त्या शिष्याला विचारलं की माझ्यावर तुझी प्रीती आहे का. मला काही ऐकू आलं नाही. मी आपला माझ्या वचनाला चिकटून.

मधेच दार वाजलं. कामोठ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे एक पोरगी, आमच्या कॉलनीतच राहते, ती ड्युटीवरून धावत आली आणि दाराजवळच्या जागेत बसली. दाराजवळची जागा माझ्या आधीची. मी तिला बघितलं, मान हलवून तिचा सलाम घेतला, आणि परत घोकायला लागलो. एक माणूस वाढला म्हणजे माझं वचन एकानं पुढं गेलं, हे डोक्यात आलंच नाही. बायकोच्या डोक्यात लगेच आलं असतं.

तिनं माझं वचन वाचलं. मग माझी पाळी आली, आणि मी तेच वचन परत, खणखणीत आवाजात, पुस्तकाकडं न बघता म्हटलं. एका दमात. शेवटी मान वर करून बघितलं, सगळ्यांचं तोंड कसं होतंय म्हणून.

सगळे खाली बघत होते. तळमजल्यावरच्या बाईच्या नातीला हसू आलं, तिला आजीनं चिमटा काढला.

काय झालं ते मला कळेना. तेवढ्यात मागून स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी वाकल्या. त्यांच्या हाताला आल्याचा वास येत होता. त्यांनी माझ्या पुस्तकात पुढच्या वचनावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे."

मी पुस्तक बाजूला ओढलं. "कळतंय मला," म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. बोट ठेवायचा हक्क एका माणसाला होता आणि तो माणूस नावड्याला नाही आता.

मग मी ते वाचलं. अडखळत, अक्षर अक्षर लावत. त्यात तो शिष्य पाठीमागच्या शिष्याकडं बघून प्रभूला विचारतो, ह्याचं काय? एवढंच आहे. दोन-चार शब्द. मला वाचायला केवढा वेळ लागला.

पुढची पाळी समोरच्याची. त्यानं चष्मा सारखा केला आणि वाचलं. प्रभू म्हणतो, मी त्याला ठेवायचं म्हटलं तर तुला त्याचं काय? तू माझ्यामागं ये. समोरच्यानं ते तसंच वाचलं जसं तो वीजबिल वाचेल, मोठ्यानं आणि स्वच्छ. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी त्या बोटावर चिडलो होतो.

चहाच्या आधी पाळकसाहेबांनी विषय काढला. "काकांची इच्छा आहे की प्रार्थना परत त्यांच्या घरी व्हावी."

तळमजल्यावरची बाई म्हणाली, "काकांना झेपेल का पण?" मघाशी काय झालं ते बोलली नाही, पण तेच बोलली.

समोरचा म्हणाला, "न्या की बाबा. खुशाल न्या. मला बुधवारी हातपाय पसरायला मिळत नाहीत. मॅच असली तर आवाज बंद करून बघावी लागते."

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. कप पुसत होत्या, तेच करत राहिल्या. म्हणाल्या, "तुमची मर्जी, भाऊ."

म्हणजे मला मिळाली. मागितल्याबरोबर मिळाली. समोरचा अडून बसला असता, दोन शब्द उलटसुलट झाले असते, तर मला गोड लागलं असतं. तो तर असा देऊन मोकळा झाला जसं काही शेजाऱ्याची शिडी परत करतोय.

शनिवारी वहिनी स्वतः सतरंज्या घेऊन आल्या. पेटी त्यांच्या नवऱ्यानं आणली, ठेवली आणि पाणी पिऊन गेला. वहिनी दारात थांबल्या. सतरंज्या धुऊन, घडी घालून आणल्या होत्या.

म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? माझं काही कमी पडलं का?"

मी म्हटलं, "नाही. काही कमी पडलं नाही."

"मग?"

"तेच तर," मी म्हटलं.

त्यांना समजलं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनी सतरंज्या माझ्या हातात दिल्या. मग म्हणाल्या, "ती असती तर ह्या सतरंज्या बघून मला बोलली असती. रंग उडवला मी." आणि गेल्या.

बुधवार आला. मी दुपारपासून कामाला लागलो. फरशी पुसली. पलंग उभा करताना माझी कंबर धरली, खालच्या वॉचमनला बोलावलं. दूध आणलं, कप मोजले, कमी पडले म्हणून स्टीलचे पेले काढले. सात वाजायच्या आत माणसं यायला लागली. सगळ्यांना सलाम घालायचा, चपला बाजूला सारायच्या, म्हाताऱ्यांना भिंतीकडची जागा द्यायची, पंखा कोणाला लागतो, कोणाला नाही. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी उकळायला ठेवत होतो. दुसरं झालं तेव्हा साखर शोधत होतो. एवढी वर्षं मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो आणि ती हे सगळं करून, वर माझी माणसं मोजून, माझं वचन काढायला येत होती. कधी ऐकली असतील तिनं ती वचनं, कोणास ठाऊक.

दारातून मला बाहेरची खोली दिसत होती. आणि काय दिसलं, तर समोरचा आणि वहिनी शेजारी शेजारी बसलेले. त्यांच्या घरी प्रार्थना होती तेव्हा वहिनी आत, तो बाहेर; डोळे मिटायच्या वेळी तेवढ्या त्या बाहेर यायच्या. आता वहिनींना काही काम नव्हतं. पहिल्यांदाच निवांत बसल्या होत्या. दोघांत एकच पुस्तक. वहिनींनी चष्मा आणला नव्हता म्हणून तो बोट फिरवत त्यांना ओळी सांगत होता. म्हणजे वर्षभर मनात जे मागितलं ते मिळवून मी काय केलं, तर त्या दोघांना माझ्याच सतरंजीवर, माझ्याच घरात, एकमेकांच्या जवळ आणून बसवलं. आणि मी आत, गॅसजवळ.

मला जे झालं ते मी लपवत नाही. मला वाटलं, ह्यांच्यातलं एक आधी का नाही गेलं. हे शब्द माझ्या मनात स्पष्ट आले, प्रार्थना चालू असताना, माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात.

दूध उतू गेलं. शेगडी विझली, गॅसचा वास आला. मी बटण बंद केलं. वहिनी आवाज ऐकून आत आल्या. काही न विचारता फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा. तुमचा माणूस वाट बघत असेल."

"कशाची वाट? डोळे मिटले की झोपतो तो. आमेनला उठवावं लागतं." मग फडकं पिळत म्हणाल्या, "गॅस राहू दे बंद. बाहेर या. चहा काय पळून जातोय का?"

"लोक चहाला थांबतात."

"थांबू देत की मग."

त्या बाहेर गेल्या. मी ओट्याला टेकून उभा राहिलो, आणि तेव्हा ते वचन मला पहिल्यांदा ऐकू आलं. मागच्या बुधवारी मीच वाचलं होतं, भर सभेत, अडखळत. ह्याचं काय? इतके दिवस मी दुसरं काय विचारत होतो? वाशीच्या दवाखान्यात हेच, गॅलरीत हेच. हिचं काय, ह्याचं काय, त्याचे दात, त्याचे गुडघे, त्याची बायको. आणि उत्तर काय आलं होतं? प्रभू असं म्हणाला नाही की त्यालाही आतून दुःख आहे, तुला दिसत नाही. तसं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, मी तेच तर शोधत होतो. असंही म्हणाला नाही की थांब, त्याचीही वेळ येईल. त्याला ठेवायचं की न्यायचं ते मी बघीन, तू त्यात पडू नको, चल, एवढंच म्हणाला. कडक उत्तर आहे. फोरमनचा गुद्दा बरा त्यापेक्षा.

मी हात पुसले आणि बाहेर आलो. अध्याय वाचायला सुरुवात होत होती. बसायला जागा दोन होत्या. एक दाराशी, जिथून ते दोघं समोर दिसले असते. दुसरी अगदी पुढं, पेटीला लागून, पाळकसाहेबांच्या गुडघ्यापाशी. तिथं म्हातारी माणसं बसत नाहीत, पाठीला टेकायला काही नसतं. मी माणसांमधून वाट काढत पुढं गेलो आणि तिथं बसलो. ते दोघं आता माझ्या पाठीमागं राहिले.

मी माणसं मोजली नाहीत. मोजायची सवय आहे, बोट आपोआप चालायला लागलं, ते मुठीत धरलं. मागून वहिनींची कुजबुज ऐकू येत होती, त्याचं घसा खाकरणं ऐकू येत होतं. मान वळत होती. वळू दिली नाही. माझी पाळी आली तेव्हा जे वचन आलं ते वाचलं. तीनदा अडकलो. नर्स पोरीनं एक शब्द सांगितला, तो घेतला.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "आज यजमान प्रार्थना करतील." ही पद्धतच आहे, ज्याचं घर त्याची प्रार्थना. मी विसरलो होतो. आमच्या घरची प्रार्थना नेहमी तीच करायची. मला प्रार्थनेची भाषा येत नाही, हे कृपावंत, हे सनातन, असलं काही. मी डोळे मिटले आणि जे तोंडात आलं ते म्हटलं.

म्हटलं, "प्रभू, सगळे आले, बरं वाटलं. माझी बायको तुझ्याकडं आहे, तिला सांभाळ, तिच्या पायांना सूज यायची. आणि माझ्या मागं ती दोघं बसलीत, नवरा-बायको. त्यांना ठेव. दोघांनाही ठेव. भरपूर वर्षं ठेव. मला बघवत नाही, ते तुला माहीत आहे. तरी ठेव. आणि मला पुढं बघायला लाव. माझ्यानं एकट्यानं होत नाही. आमेन."

मला लाज वाटायला पाहिजे होती, पण वाटली नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. मग मागून वहिनींचा आवाज आला, नवऱ्याला हलवून जागं करत होत्या, "अहो, आमेन म्हणा. आपल्यासाठी होती."

तो दचकून उठला आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन." मग विचारलं, "चहा झाला का?"

मी म्हटलं, "ठेवतो आता. दूध उतू गेलं. कोरा प्यावा लागेल."

"चालेल," तो म्हणाला. "आलं टाका."